जुनं कार्ट इंजिन घेताना पैसे नेमके कशाचे मोजायचे?

कार्टिंगचा, म्हणजे छोट्या, उघड्या रेसिंग गाड्यांच्या खेळाचा, जन्मच उरल्यासुरल्या इंजिनावर झाला. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स या रेसिंग गाड्या बांधणाऱ्या कारागिराने नळ्या जोडून एक सांगाडा उभा केला. गवत कापायच्या यंत्रासाठी बनलेलं, पण पडून राहिलेलं वेस्ट बेंड कंपनीचं टू-स्ट्रोक इंजिन त्याने मागे बसवलं. ताकद अडीच हॉर्सपॉवर. अशा इंजिनाची पारख करायला फार अक्कल लागत नव्हती. सुरू झालं की झालं. आज रेसिंग कार्टवरचं १२५ सीसीचं इंजिन तीसच्या आसपास हॉर्सपॉवर देतं. आपल्या रस्त्यावरची १२५ सीसीची मोटारसायकल साधारण ११ देते. वरची ताकद कुठून तरी वसूल होणारच, आणि ती वसूल होते इंजिनाच्या आयुष्यातून.

उदाहरणाला रोटॅक्स मॅक्स घेऊ. ऑस्ट्रियातल्या गुन्सकिर्खेनमधल्या कंपनीचं हे पाण्यावर थंड होणारं टू-स्ट्रोक इंजिन. भारतातली राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धा बरीच वर्षं याच इंजिनावर झाली, आणि तिच्या फेऱ्या कोल्हापूरच्या मोहितेज रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवरही झाल्या. त्यामुळे मराठी घरातलं पोर भाड्याच्या कार्टवरून खऱ्या रेसिंगकडे वळलं की आईबापांसमोर पहिल्यांदा येतं ते बहुधा हेच. नवं पूर्ण किट (इंजिन आणि त्यासोबतचे रेडिएटर, एक्झॉस्टसारखे भाग) आयात केलेलं, त्यामुळे महाग. मग शोध सुरू होतो वापरलेल्याचा, आणि पहिला प्रश्न हमखास चुकीचा पडतो: "किती साली घेतलेलं?"

साल जवळजवळ निरुपयोगी आहे. या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५४ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची एका दिशेची धाव) ५४.५ मिलिमीटर आणि फेऱ्यांची मर्यादा मिनिटाला १४,०००च्या आसपास. तेवढ्या फेऱ्यांवर पिस्टन सेकंदाला २३३ वेळा वर जाऊन खाली येतो. सरासरी वेग सेकंदाला २५ मीटर. शिवाय टू-स्ट्रोक असल्याने क्रँकच्या (पिस्टनची वरखाली हालचाल गोल फिरवणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगला तेल मिळतं ते फक्त पेट्रोलमध्ये मिसळलेलं, पन्नासाला एक या प्रमाणात. बजाज चेतक पंपावर उभी करून पेट्रोलमध्ये ऑइल टाकून घेतलेल्या पिढीला हे नव्याने सांगायला नको. फरक एवढाच की चेतक कुणी दिवसभर रेड लाइनवर, म्हणजे फेऱ्यांच्या वरच्या मर्यादेवर, चालवत नव्हतं.

म्हणूनच आयुष्य किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, तासांत मोजतात. रोटॅक्स साधारण ५० तासांनी अधिकृत केंद्राकडून इंजिन उघडून ओव्हरहॉल करायला सांगते. सरासरी ताशी ६० किलोमीटर धरले तरी ५० तास म्हणजे ३,००० किलोमीटर. मोटारसायकलचं तेवढ्यात पहिलं ऑइल बदलून झालेलं असतं. पुढच्या रांगेत पळणारे तर ५० तासांची वाटही बघत नाहीत, पिस्टन त्याच्या बराच आधी बदलतात.

यातून एक साधी गोष्ट निघते. तुम्ही इंजिन विकत घेत नाही, पुढचा मोठा खर्च येईपर्यंत उरलेले तास विकत घेता. शेवटचं कधी उघडलं, कोणी उघडलं, आत काय काय बदललं आणि त्यानंतर किती चाललं, हे चार प्रश्न सोडून बाकी सगळी माहिती दुय्यम.

हिशेबाची रीत

खरे भाव युरोच्या दरावर आणि आयात शुल्कावर हलतात, म्हणून इथे खरे भाव देत नाही. नवं किट १०० रुपयांचं धरू. पुढचे सगळे आकडे फक्त रीत दाखवण्यासाठी आहेत. तुमच्या केंद्राकडून खरे भाव विचारून त्यात भरा.

समजा नुकतंच पूर्ण ओव्हरहॉल झालेलं, कागदपत्रं नीट असलेलं वापरलेलं किट बाजारात ७०ला जातं. पूर्ण ओव्हरहॉलला २५ लागतात आणि ते ५० तास पुरतं. म्हणजे प्रत्येक तासाला अर्धा रुपया झिजतो. पहिलं इंजिन ओव्हरहॉलनंतर १२ तास चाललंय: ७० वजा ६, किंमत ६४. दुसरं ४५ तास चाललंय: ७० वजा साडेबावीस, किंमत साडेसत्तेचाळीस. आता पहिल्याचा मालक ६२ मागतोय आणि दुसऱ्याचा ५२. दहा रुपये स्वस्त म्हणून बहुतेक लोक दुसरं उचलतात आणि दोन महिन्यांत २५चं बिल भरतात. एकूण ७७, म्हणजे नुकतंच ओव्हरहॉल झालेल्या इंजिनाच्या बाजारभावापेक्षा सात जास्त.

आणि जिथे खात्री करता येत नाही, तिथे विकणारा खरंच बोलतोय असं धरून किंमत लावू नका. तासांची नोंद नसेल तर इंजिन ओव्हरहॉलच्या दाराशी आलंय असं समजायचं. यात विकणाऱ्याचा अपमान नाही. नोंद ठेवली असती तर त्यालाच जास्त मिळाले असते.

तासांची नोंद कुठे सापडते? बहुतेक गंभीर चालकांच्या स्टिअरिंगवर मायक्रॉन (MyChron) या ब्रँडसारखा डेटा लॉगर, म्हणजे धावण्याची नोंद ठेवणारं यंत्र, असतो आणि तो इंजिनाचे तास मोजतो. पण तो आकडा शून्य करता येतो, त्यामुळे एकट्या त्याच्यावर भिस्त नको. ओव्हरहॉलच्या बिलाची तारीख, त्यानंतर त्या मुलाने कुठल्या स्पर्धा खेळल्या आणि टायरचे किती सेट संपवले, हे जुळवून पाहिलं की अंदाज बराच नेमका येतो.

सील, कार्ड आणि नियम

रोटॅक्सचं इंजिन सीलबंद असतं. अधिकृत केंद्र ते उघडतं, भाग नियमातल्या मापांत आहेत का तपासतं आणि क्रमांक असलेलं सील लावून बंद करतं. तो क्रमांक इंजिनाच्या ओळखपत्रावर लिहिलेला असतो. सगळ्यांची इंजिनं सारखी राहावीत, कुणी आतून घासून-कोरून ताकद वाढवू नये, हा उद्देश.

खरेदीदारासाठी मात्र सील म्हणजे पावती. इंजिनावरचा अनुक्रमांक, सीलचा क्रमांक आणि कार्डावरची शेवटची नोंद हे तिन्ही जुळलं पाहिजे. सील तुटलं असेल तर इंजिन वाईटच असतं असं नाही, पण स्पर्धेत उतरण्याआधी ते पुन्हा उघडून, मोजून, सील करावं लागेल, आणि मोजताना एखादा भाग मापाबाहेर निघाला तर तोही तुमच्याच खिशातून. कार्डावर ज्या केंद्राचं नाव आहे तिथे एक फोन करा. कोणतं इंजिन कधी आलं आणि त्यात काय बदललं हे त्यांच्या वहीत असतं. या फोनइतकी स्वस्त तपासणी दुसरी नाही, आणि आश्चर्य म्हणजे फार थोडे लोक तो करतात.

नियमांचा दुसरा भाग म्हणजे पिढी. २०१५च्या सुमारास रोटॅक्सने इव्हो ही सुधारित आवृत्ती आणली: इग्निशन नवं, वायरिंग नवं, कार्ब्युरेटर वेगळा, आणि सीनिअर (मोठ्या वयोगटाच्या) इंजिनातल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं (धूर बाहेर जाण्याची वाट कमी-जास्त करणाऱ्या झडपेचं) नियंत्रण इलेक्ट्रॉनिक. जुन्या इंजिनाला इव्होचं किट बसवता येतं, पण ते किट फुकट मिळत नाही. तुमच्या गटात इव्हो सक्तीचं असेल तर जुन्या पिढीच्या इंजिनातून त्या किटची किंमत सरळ वजा करा. फक्त सरावासाठी हवं असेल तर उलट जुनी पिढी हा चांगला सौदा ठरतो, कारण स्पर्धेतून बाद झाल्याने तिचा भाव पडतो आणि धावायला ती काही कमी नसते.

ज्युनिअर आणि सीनिअरचाही घोळ होतो. दोन्ही १२५ सीसी, खालचा भाग बराचसा सारखा. पण ज्युनिअरच्या सिलिंडरला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नसतो आणि ताकद २३ हॉर्सपॉवरच्या आसपास असते. पोरगं दोन वर्षांत वरच्या गटात जाणार असेल तर तेव्हा लागणाऱ्या सिलिंडरचा आणि इतर भागांचा भाव आजच विचारून ठेवा.

न उघडता आत डोकावणं

सील असल्याने तुम्ही इंजिन उघडू शकत नाही, पण आत बघायला वाटा आहेत. स्पार्क प्लग निघतो. एक्झॉस्टची बाजू मोकळी करता येते. कार्ब्युरेटर काढता येतो, पण त्यामागचा रीड व्हॉल्व्ह (मिश्रण आत घेणारी पातळ पात्यांची झडप) सीलखाली असतो, तो केंद्रातच उघडतो. मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा आता काही शेकड्यांत मिळतो, तो सोबत न्या.

एक्झॉस्ट पोर्टमधून पिस्टनची कड आणि रिंग दिसते. पिस्टनवर हलक्या उभ्या रेघा असतील तर घाबरायचं कारण नाही. चांदीसारखी चकाकणारी, पुसल्यासारखी पट्टी दिसली तर पिस्टन एकदा पकडला होता, म्हणजे तापून सिलिंडरला घासत अडकला होता. रिंगची कड धारदार दिसायला हवी. ती अ‍ॅल्युमिनिअमखाली दबलेली असेल तर कॉम्प्रेशन गेलंच. पकडण्याची खूण चार कोपऱ्यांवर असेल तर बहुधा इंजिन नीट गरम न करता पिळलेलं आहे: पिस्टन लगेच फुगतो, गार पाण्याने वेढलेला सिलिंडर मागे राहतो. म्हणजे ती खूण तुम्हाला इंजिनाबद्दल जितकं सांगते तितकंच मालकाबद्दल.

प्लगच्या भोकातून पिस्टनचा माथा बघा. तपकिरी-काळसर थर ठीक. कडेने वाळूचा मारा केल्यासारखे बारीक खड्डे असतील तर इंजिन डिटोनेशन (आतला स्फोटासारखा अवेळी जळणारा भडका) खाऊन बसलंय, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण फार पातळ ठेवून किंवा हलक्या पेट्रोलवर ते चालवलं गेलं. प्लगच्या रंगावरून मात्र काही ठरवू नका. विकायला काढलेल्या इंजिनात प्लग नवाच असतो.

केंद्रात सील काढून रीड व्हॉल्व्ह उघडला, तर त्या बाजूने क्रँक आणि कनेक्टिंग रॉडचं (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्याचं) खालचं टोक दिसतं. रॉडचं हे टोक निळसर पडलं असेल तर तिथे तेल कमी पडून ते तापलेलं आहे. तिथे सौदा थांबवा, किंवा क्रँकचं पूर्ण काम धरून किंमत लावा. क्रँक दाबून जोडलेला असतो. रॉड, पिन, बेअरिंग बदलल्यावर तो पुन्हा सरळ करून डायल गेजवर तपासावा लागतो. हे गल्लीतल्या गॅरेजचं काम नाही.

मग हात लावून बघायच्या गोष्टी. प्लग काढून क्रँक हळू फिरवा. कुठेही खरखर लागता कामा नये. पिस्टन वरच्या टोकाच्या जरा पुढे आणून क्रँक किंचित मागेपुढे हलवा. क्रँक हलतोय पण पिस्टन जागचा हलत नाही, असा मोकळेपणा जाणवला तर बेअरिंग थकलंय. रॉडला आडवा प्ले (ढिलेपणा) थोडा असतोच, उभा प्ले असू नये. पाण्याच्या पंपाखाली ओलसर ठिपका दिसतोय का बघा. गिअरच्या कप्प्यातलं तेल जेमतेम ५० मिलिलिटर असतं, ते कागदावर काढा. बॅलन्स शाफ्टची (इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्याची) दातेरी चाकं झिजलेली असतील तर त्यांचा चुरा त्या तेलात सापडतो.

कॉम्प्रेशन गेज लोक मोठ्या विश्वासाने लावतात. माझं मत थोडं वेगळं आहे. आकडा गेजप्रमाणे, बॅटरीच्या जोरावर आणि इंजिन गार आहे की गरम यावर बदलतो. एकाच दिवशी, एकाच गेजने दोन इंजिनं तपासली तर तुलना करता येते. नुसता एक आकडा मात्र काही सांगत नाही. त्यापेक्षा क्रँककेसची दाब-चाचणी जास्त बोलते. सगळी तोंडं बंद करून आत साधारण अर्धा बार हवा भरायची आणि दाब टिकतो का बघायचं. टिकला नाही तर बहुतेक वेळा क्रँकची ऑइल सील गेलेली असतात. तिथून हवा आत शिरली की मिश्रण पातळ होतं आणि बाकी सगळं नीट असलेलं इंजिनही एक दिवस पकडतं.

सगळ्यात महाग भाग

पिस्टन स्वस्त, क्रँक महाग, पण खरी गोची सिलिंडरची. रोटॅक्सचा सिलिंडर अ‍ॅल्युमिनिअमचा, आत निकेलचा कठीण मुलामा. तो बोअर करून, म्हणजे आतून कापून रुंद करून, मोठा पिस्टन टाकता येत नाही. मुलामा पुन्हा चढवणं तंत्राच्या दृष्टीने शक्य असलं तरी रोटॅक्सच्या स्पर्धा-नियमांत त्याला परवानगी नाही. पिस्टन मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या फरकाने वेगवेगळ्या मापांत मिळतात आणि सिलिंडर झिजत जाईल तसं पुढचं माप टाकत जातात. शेवटचं माप झालं की सिलिंडर बाद, नवाच घ्यायचा.

म्हणून ओव्हरहॉलच्या बिलावर "पिस्टन बदलला" एवढं वाचून थांबू नका, कोणत्या मापाचा बदलला ते बघा. पहिल्या मापाचा पिस्टन असलेल्या सिलिंडरमध्ये अजून बरेच बदल शिल्लक आहेत. शेवटच्या मापाच्या सिलिंडरमध्ये काही नाही. दोन्ही इंजिनं "नुकतीच ओव्हरहॉल" म्हणून एकाच भावाने विकायला येतात.

याउलट यामाहाचं केटी १००. १९७०च्या दशकापासून अमेरिका-ऑस्ट्रेलियात पिढ्या घडवलेलं, हवेवर थंड होणारं १०० सीसीचं साधं इंजिन. त्यात लोखंडी लायनर असतो. तो बोअर होतो, ओव्हरसाइज पिस्टन पडतो. इटलीच्या आयामे कंपनीच्या एक्स३० मध्येही लायनर लोखंडी आहे. अशा इंजिनांत किती बोअर झालेत आणि नियमाच्या मर्यादेपर्यंत किती उरलेत, यावर भाव ठरतो. गिअरवाली केझेड इंजिनं हे वेगळंच प्रकरण: ताकद ५० हॉर्सपॉवरच्या घरात, पिस्टन काही तासांत बदलायचा, वर गिअरबॉक्सची झीज. पहिलं जुनं इंजिन म्हणून केझेड घेऊ नये, कितीही स्वस्त मिळालं तरी. आणि ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं २०६, हे फोर-स्ट्रोक, सीलबंद आणि नवंच इतकं स्वस्त की जुन्यावर फार डोकं चालवण्यात अर्थ नाही. नव्याच्या निम्म्यापेक्षा जास्त कुणी मागत असेल तर नवं घ्या.

(इंजिनिअरिंग कॉलेजांच्या कार्ट स्पर्धांसाठी मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारातून उचललेली मोटारसायकलची इंजिनं या हिशेबात बसत नाहीत. तिथे गिअर पडतात का आणि धूर किती, एवढं पुरे.)

"फारसं चाललेलंच नाही"

हे वाक्य ऐकलं की मला बरं वाटण्याऐवजी शंका येते, विशेषतः इंजिन मुंबई, कोकण किंवा गोव्यातलं असेल तर. टू-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये ऑइलचा साठा नसतो, नुसता थर असतो. दोन पावसाळे दमट हवेत पडून राहिलेल्या इंजिनाच्या बेअरिंगवर गंजाचे ठिपके येतात. त्यात आपल्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल, आणि इथेनॉल ओल धरतं. ठिपका डोळ्यांना दिसत नाही, पण १३,००० फेऱ्यांवर तिथूनच बेअरिंग सोलायला सुरुवात होते. ठेवण्याआधी आतून ऑइल फवारलं होतं का, पेट्रोल काढलं होतं का, हे विचारा. उत्तर गोलमोल असेल तर कमी तास हा गुण धरू नका.

तशीच शंका "कालच ओव्हरहॉल केलं, एक मिनिटही चालवलेलं नाही" यावर घ्यावी. जोडणीतली चूक पहिल्या काही तासांत बाहेर येते. बिलासकट ओव्हरहॉल झालेलं आणि त्यानंतर पाच-सहा तास निर्धास्त पळालेलं इंजिन मला शून्य तासांच्या इंजिनापेक्षा जास्त मोलाचं वाटतं, हिशेब तीन रुपयांनी कमी दाखवत असला तरी.

आणि "चॅम्पियनचं इंजिन". सीलबंद इंजिनांतही मापांच्या मर्यादेत थोडा फरक राहतोच, त्यामुळे काही इंजिनं खरंच किंचित सरस निघतात. पण त्या विजयात चालकाचं वजन, चासीचं सेटिंग, कार्ब्युरेटर जुळवणारा हात हे सगळं होतं, आणि त्यातलं काही खोक्यातून मिळत नाही. डायनोचा (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) कागद दाखवला तर तुलना त्याच डायनोवर, त्याच दिवशी मोजलेल्या दुसऱ्या इंजिनाशी आहे का ते बघा. दोन वेगळ्या वर्कशॉपचे आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही. वेगासाठी जादा पैसे द्यायचेच असतील तर त्याच ट्रॅकवर, तुमच्या मुलाच्या कार्टवर ते इंजिन लावून दहा फेऱ्या मारू देणाऱ्यालाच द्या.

किट पूर्ण आहे का हेही मोजून घ्या. रेडिएटर, एक्झॉस्ट, एअरबॉक्स, वायरिंग, क्लच, कार्ब्युरेटर, बॅटरीची पेटी: एकेक वस्तू सुटी घेतली की सुटं इंजिन पूर्ण किटपेक्षा महाग पडतं. क्लच झिजला असेल तर कार्ट उशिरा, जास्त फेऱ्यांवर हलते. नियमाप्रमाणे ती ४,००० फेऱ्यांच्या आत हलायला हवी.

विकण्याची कारणंही ऐकून घ्या. "मुलगा वरच्या गटात गेला" किंवा "दहावी आली" ही सगळ्यात विश्वासार्ह कारणं, आणि अशी इंजिनं हंगाम संपल्यावर बाजारात येतात. तेव्हाच घ्या, पण इसार (आगाऊ रक्कम) देताना एक अट घाला: इंजिन कार्डावरच्या केंद्रात जाईल, तिथे सिलिंडरचं आणि क्रँकचं माप घेतलं जाईल, नवं सील लागेल, तपासणीचा खर्च तुमचा, मापाबाहेर निघालेल्या भागाचा खर्च विकणाऱ्याचा. चांगलं इंजिन असलेला माणूस यावर फार वेळ वाद घालत नाही.